आयटक आणि कामगार प्रतिनिधित्वाचा प्रश्न : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस, म्हणजेच आयटक, ही भारतातील पहिली राष्ट्रीय पातळीवरील कामगार महासंघटना होय. तिचा इतिहास बहुधा संप आणि फुटी यांच्या क्रमाने सांगितला जातो. प्रस्तुत लेखात मात्र 'कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा?' या एका प्रश्नाच्या अनुषंगाने या इतिहासाचा विचार केला आहे. संघटनेचा जन्मच या प्रश्नातून झाला, असे लेखकाचे मत आहे.

मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरवून त्यांच्या मागण्या सरकारपुढे मांडल्या होत्या. परंतु देशव्यापी संघटना उभी राहण्यास आणखी ३६ वर्षे जावी लागली. पहिल्या महायुद्धानंतरची महागाई आणि संपांची लाट हे त्याचे एक कारण. दुसरे कारण जिनिव्हाशी निगडित आहे. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटना स्थापन झाली. तिच्या परिषदेस जाणारा कामगार प्रतिनिधी देशातील सर्वाधिक प्रातिनिधिक संघटनांच्या संमतीने निवडावा, असा नियम होता. भारतात अशी संघटनाच नसल्याने वॉशिंग्टन येथील पहिल्या परिषदेसाठी सरकारने ना. म. जोशी यांची नेमणूक केली. जोशींची योग्यता निर्विवाद होती. आक्षेप नेमणुकीच्या पद्धतीला होता. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईतील एम्पायर थिएटरमध्ये लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली आयटकचे पहिले अधिवेशन भरले. स्वागताध्यक्ष जोसेफ बॅप्टिस्टा होते.

मद्रासच्या बकिंगहॅम व कर्नाटक गिरण्यांच्या मालकांनी न्यायालयातून कामगार पुढाऱ्यांवर मनाई हुकूम मिळविल्यानंतर संघटनांना कायद्याचे संरक्षण नसल्याचे स्पष्ट झाले. जोशींनी १९२१ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलेल्या ठरावाची परिणती १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात झाली. या कायद्याने संघटना नोंदविता येऊ लागली. पण मालकाने तिला मान्यता द्यावी, असे बंधन घातले नाही. पुढील अनेक संघर्षांचे मूळ या उणिवेत आहे.

१९२९ च्या नागपूर अधिवेशनाचे अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. मजूरविषयक शाही आयोगावर, म्हणजे व्हिटले आयोगावर, बहिष्कार टाकावा की नाही, यावरून तेथे फूट पडली आणि जोशींचा गट बाहेर पडला. वरवर हा मवाळ-जहालांचा वाद दिसतो. तथापि, सरकारी व्यासपीठावरून कामगारांचे म्हणणे मांडता येते काय, हाच त्यातील कळीचा मुद्दा होता. १९३१ मध्ये कलकत्त्याला तर गिरणी कामगार युनियनच्या दोन गटांपैकी खरा कोणता, हा वादही दुसऱ्या फुटीस कारणीभूत ठरला. जोशींचा गट १९४० मध्ये पूर्णपणे परत आला, आणि जोशी पुन्हा सरचिटणीस झाले. ज्यांच्याशी इतके तीव्र मतभेद झाले त्यांच्याच संघटनेचा कारभार पुन्हा हाती घेणारा हा नेमस्त पुढारी मराठीत फारसा अभ्यासला गेलेला नाही.

१९४६ मध्ये सरकारने आयटकला सर्वाधिक प्रातिनिधिक संघटना म्हणून मान्य केले. मे १९४७ मध्ये काँग्रेसजनांनी इंटक स्थापन केली आणि १९४८ मध्ये तोच मान इंटककडे गेला. त्यानंतर हिंद मजदूर सभा (१९४८), भारतीय मजदूर संघ (१९५५) आणि आयटकमधूनच निघालेली सिटू (१९७०) उभ्या राहिल्या. पक्ष तितक्या महासंघटना, अशी स्थिती झाली.

याचे सर्वांत कटू फळ मुंबईने चाखले. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार कापड गिरण्यांत वाटाघाटींचा अधिकार इंटकप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले, तरी कायद्याच्या लेखी त्यांचा प्रतिनिधी बदलला नाही. आयटकच्या लाल बावट्याखाली घडलेल्या गिरणगावात त्या वेळी आयटकही बाजूला पडली होती, हे नोंदविले पाहिजे.

गिरण्या गेल्या, संघटनेचा पायाही बदलला. २००२ हे आधारवर्ष धरून झालेल्या पडताळणीत आयटकची सदस्यसंख्या ३४ लाखांवर भरली. ही वाढ मुख्यतः शेतमजूर व असंघटित क्षेत्रातून झाली. महाराष्ट्रात आज आशा व अंगणवाडी सेविका तिच्या मोर्चांत मोठ्या संख्येने दिसतात. त्यांना वेतन नव्हे, 'मानधन' मिळते. २०१३ च्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने योजना कर्मचाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता देण्याची शिफारस केली होती. १९४२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली सुरू झालेल्या या त्रिपक्षीय परिषदेत २०१५ नंतर दीर्घ खंड पडला.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या संघटनेस वाटाघाटींचा अधिकार दिला आहे. १९२६ च्या कायद्यातील उणीव त्यामुळे काही अंशी भरून निघते. परंतु ही गणना आस्थापनेच्या हजेरीपटावरील कामगारांची आहे, आणि मानधनावरील सेविकेचे नाव त्या पटावर नसते.