पिवळा दिवा

गेल्या महिन्यात ऑफिसातून येताना बाणेरच्या सिग्नलला डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. गाडी तर मस्त चालत होती. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, पी०१७१ असा कोड आला आणि लगेच निकाल: "साहेब, ऑक्सिजन सेन्सर गेला. सात हजार." मी "बघतो" म्हटलं आणि घरी येऊन एक स्वस्तातला ब्लूटूथ डोंगल मागवला. फोनवरून कोड पुसला, दिवा विझला. चौथ्या दिवशी परत हजर! परत पुसला. टीममधल्या कुणी एरर असा गिळला असता तर मी त्याला सोडला नसता.

शेवटी एका रविवारी म्हटलं, हा दिवा मुळात आला कुठून ते तरी बघू.

गोष्ट सुरू होते लॉस एंजेलिसला. १९४३ च्या जुलैत शहरावर डोळे चुरचुरणारं धुकं उतरलं. युद्धाचे दिवस, त्यामुळे जपानने विषारी वायू सोडला अशीच अफवा पसरली. पुढे कॅलटेकचे आरी हागेन-स्मिट यांनी खरा आरोपी शोधला. हे गृहस्थ खरं तर अननसाच्या स्वादावर काम करत होते! गाड्यांच्या आणि कारखान्यांच्या धुरावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो, हे त्यांनी १९५० च्या सुमारास दाखवलं. गाड्यांच्या कंपन्यांना अर्थातच ते पटलं नाही. पण कॅलिफोर्नियाने १९६७ मध्ये हवेसाठी वेगळं मंडळ काढलं आणि त्याचे पहिले अध्यक्ष हेच झाले.

१९७५ च्या मॉडेलपासून अमेरिकेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. नंतरच्या थ्री-वे कन्व्हर्टरना हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७ ला १ च्या आसपासच हवं. ते सांभाळायला ऑक्सिजन सेन्सर आला, आणि सेन्सरचं ऐकायला कॉम्प्युटर. १९८१ पासून जनरल मोटर्सच्या गाड्यांत दोन पिना तारेने जोडल्या की दिवा लुकलुकायचा: एकदा, थोडं थांबून दोनदा, म्हणजे कोड १२. डीबगिंगचं हे बाळरूप!

पण प्रत्येक कंपनीचं सॉकेट वेगळं, कोड वेगळे. कॅलिफोर्नियाने १९८८ पासून स्व-तपासणी सक्तीची केली, आणि १९९६ पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या कार्सना ओबीडी-२ आलं: तेच १६ पिनांचं सॉकेट, तेच कोड. आपल्याकडे भारत स्टेज ४ च्या काळात, २०१३ मध्ये ओबीडी-२ आलं.

आता माझा कोड. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, ० म्हणजे सर्वांना समान, १ म्हणजे इंधन आणि हवा. पूर्ण अर्थ: मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. "सेन्सर बदला" असं त्यात कुठेच लिहिलेलं नाही. कोणती चाचणी नापास झाली एवढंच कोड सांगतो. कारण आपण शोधायचं.

मग फोनवर फ्युएल ट्रिम बघितलं, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतोय ते. गाडी नुसती उभी असताना +२२ टक्के, अडीच हजार आरपीएमला जेमतेम +५. इंजिन कमी हवा ओढतं तेव्हा चोरवाटेने येणारी थोडी हवाही मोठा वाटा ठरते; जास्त ओढायला लागलं की तीच किरकोळ होते. म्हणजे कुठेतरी गळती. कान लावला तर इनटेकच्या मागे बारीक फुसफुस! रबरी नळीला चीर पडली होती. नवी नळी एकशे ऐंशी रुपये. सेन्सर बिचारा खरंच बोलत होता.

मात्र एक गोष्ट टोचत राहिली. हा दिवा मी माझ्या खिशाला लागलेली कटकट समजत होतो. तो लावला गेला तो गाडीवाल्यासाठी नव्हेच, सिग्नलला त्याच्या मागे स्कूटरवर थांबलेल्या माणसासाठी. मी दोनदा पुसला तो त्याचा निरोप होता.

असो. दिवा लागला तर पुसू नका, आधी वाचा.