‘तसबिरीचा घोटाळा’ ते ‘संशयकल्लोळ’

‘संगीत संशयकल्लोळ’ला आम्ही जातो ते पदांसाठी, परंतु हे नाटक मुळात गद्य होते. मोलिएरच्या १६६० मधील प्रहसनाच्या आधारे आर्थर मर्फीने १७६१ मध्ये इंग्रजी नाटक रचले. बेळगावात शिकलेल्या गोविंद बल्लाळ देवलांनी त्यावरून १८९३ मध्ये ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ लिहिले. पदे त्यांनी पुढे घातली, तीही बहुतांशी रेवती-अश्विनशेठांच्या वाट्याला. फाल्गुनराव-कृत्तिकेचा संशय मुख्यतः गद्यातच राहिला. म्हणूनच, आमच्या मते, गाणे बेताचे असले तरी या नाटकाचा प्रयोग उभा राहतो. (‘शारदे’बाबत असे म्हणवत नाही.) देवल जून १९१६ मध्ये निवर्तले, गंधर्व नाटक मंडळीने हे संगीत रूप रंगभूमीवर आणले ते त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. बालगंधर्वांची रेवती त्यांना पाहता आली नाही.