भिडे वाडा: शाळा काही महिने, दुकानं कित्येक वर्षं

दगडूशेठच्या रांगेत मी कितीदा उभा राहिलोय, पण समोरच्या पडक्या वाड्याकडे कधी धड बघितलंच नाही. खाली दुकानं, वर मोडकी लाकडं. बस्स.

हाच तात्यासाहेब भिड्यांचा वाडा. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा इथे काढली. सावित्रीबाई तेव्हा अवघ्या सतरा वर्षांच्या! मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळा त्याआधीही होत्या, अहमदनगरची मिस फरारबाईंची शाळा तर जोतीरावांनी स्वतः पाहिली होती. पण इथे घरचीच माणसं शिकवायला उभी राहिली, आणि तीही बुधवार पेठेत, सनातनी पुण्याच्या ऐन मध्यावर. जागा मात्र एका ब्राह्मणानेच दिली, हे विसरू नका.

शाळा फार टिकली नाही. १८४९ मध्ये वडिलांनी जोडप्याला घराबाहेर काढलं. पण ३ जुलै १८५१ ला चिपळूणकरांच्या वाड्यात पुन्हा वर्ग भरले, आणि १८५२ मध्ये विश्रामबागवाड्यात सरकारने जोतीरावांचा सत्कार केला.

भिडे वाडा नंतर दुकानदारांचाच झाला. स्मारकाचा विषय कोर्टात वर्षानुवर्षं अडकला. त्यांचंही पोट त्यावरच होतं म्हणा. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो संपला, आणि ४ डिसेंबरच्या रात्री महापालिकेने वाडा पाडला.

स्मारक व्हावंच. पण मला एकदा आत जाऊन बघायचं होतं. आता ते राहिलंच.