सांध्यातले स्फटिक आणि सोनोग्राफी

गाऊटमध्ये सांध्यात युरेटचे टोकदार स्फटिक साचतात. लेवेनहूकने 1679 मध्ये गाऊटच्या गाठीतले स्फटिक भिंगाखाली पाहिले होते. सांध्यातले पाणी काढून ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली निदान करण्याची रीत मात्र मॅकार्टी आणि हॉलंडर यांनी 1961 मध्ये घालून दिली. आजही तोच पक्का पुरावा. पण पायाच्या सुजलेल्या अंगठ्यात सुई टोचून घ्यायला कोण राजी होणार? आणि एक्स-रेवर खुणा उमटेपर्यंत बहुधा कित्येक वर्षे गेलेली असतात.

पुणे जिल्ह्यात सांधेदुखीची पद्धतशीर पाहणी 1996 मध्ये भिगवणला सुरू झाली. इंदापूर तालुक्यातले हे गाव. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॉपकॉर्ड कार्यक्रमातले हे काम पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी केले. घरोघरी विचारपूस, मग तपासणी, अशी त्याची पद्धत होती. गाऊटचे रुग्ण फार थोडे निघाले. अशा पाहणीत सोनोग्राफीला तेव्हा जागाच नव्हती.

सोनोग्राफीचे यंत्र तेव्हा महाराष्ट्रात गाजत होते ते गर्भलिंग तपासणीमुळे. तिला आळा घालणारा देशातला पहिला कायदा राज्याने 1988 मध्ये केला. केंद्राचा 1994 चा कायदा अमलात आला तो 1 जानेवारी 1996 ला, म्हणजे भिगवणच्या पाहणीच्याच वर्षी.

सांध्यांसाठी सोनोग्राफी अगदीच नवी नव्हती. गुडघ्यामागची बेकर गाठ तिने 1972 मध्येच दाखवली होती. स्फटिकांची पाळी आली ती जास्त कंपनसंख्येचे प्रोब आल्यावर. निरोगी कूर्चा पडद्यावर काळ्या पट्ट्यासारखी दिसते आणि तिच्याखाली हाडाची उजळ रेघ असते. युरेट कूर्चेच्या पृष्ठभागावर बसत असल्याने वरही तशीच दुसरी रेघ उमटते. दुसऱ्या एका सांधेविकारातले कॅल्शियम पायरोफॉस्फेटचे स्फटिक कूर्चेच्या आत रुतलेले असतात, त्यामुळे ते ठिपक्यांसारखे दिसतात. ग्रासी आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये, तर टीले व श्लेसिंगर यांनी 2007 मध्ये या खुणा मांडल्या. 2015 मध्ये अमेरिकी व युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी गाऊटच्या वर्गीकरणात दुहेरी रेघेला गुण दिले. तरी ही खूण प्रोब धरणाऱ्याच्या हातावर बरीच अवलंबून असते. कोन चुकला की भलतीच रेघ दिसू शकते.

केंद्र सरकारच्या त्याच 1994 च्या कायद्याप्रमाणे गर्भाचे लिंग दाखवू शकणारे यंत्र नोंदणी नसलेल्या केंद्राला विकता येत नाही. त्यामुळे देहू-चाकण पट्ट्यातल्या संधिवाततज्ज्ञाने असे यंत्र निव्वळ अंगठे आणि गुडघे पाहायला घेतले, तरी त्याला आधी नोंदणी करावीच लागते.