एम्प्लॉयमेंटला नाव, नोकरी मात्र बियाण्यात

बी.एस्सी. झालं की सेवायोजन कार्यालयात नाव टाकायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. त्यामुळे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना करिअरचा सल्ला कोण देत होतं, याचा इतिहास शोधताना आपण आधी याच कार्यालयाची दप्तरं मागतो. जालन्यापुरतं सांगायचं तर तिथे गाडी अडते.

ही कार्यालयं १९४५ मध्ये निघाली ती महायुद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी. पुढे शिवा राव समितीच्या शिफारशींनुसार त्यांचा रोजचा कारभार १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांकडे गेला. गंमत म्हणजे त्याच दिवशी मराठवाडाही हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला! मग १९५९ चा कायदा आला: रिक्त जागा कार्यालयाला कळवायच्याच. खासगी क्षेत्रात ही सक्ती २५ किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना होती.

आता कायद्याचं कलम ३ नीट वाचा. खासगी क्षेत्रातली शेती आणि फलोत्पादनातली नोकरी सक्तीतून वगळली होती. अपवाद फक्त शेतीयंत्रं चालवणाऱ्यांचा होता. शिवाय कलम ४ नुसार, जागा कळवली तरी भरती कार्यालयामार्फतच करा असं बंधन नव्हतं.

आणि १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको काढली ती जालन्यातच. संकरित ज्वारी, बाजरी, कापूस. पुढे २००२ मध्ये मंजुरी मिळालेला बीटी कापूस. म्हणजे वनस्पतीशास्त्र, जनुकशास्त्र, बीजपरीक्षण शिकलेल्यांना काम होतं. बियाणे संशोधनाची जागा ‘शेती’त मोडते की नाही, यावर वाद घालता येईल. पण रजिस्टरमध्ये अशा जागा कमी दिसल्या तर ‘जालन्यात विज्ञानाला वाव नव्हता’ हा निष्कर्ष काढू नका. तिथे कायद्याची गाळणी दिसते, बाजार नाही.

दुसरा सापळा सरळ आहे, तरी भले भले त्यात पडतात. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला. त्याआधीचे आकडे औरंगाबादच्या पोटात, आणि परतूरचे परभणीत.

मग शोधायचं कुठे? जुन्या वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींत आणि परभणीच्या कृषी विद्यापीठातून (स्थापना १९७२) बाहेर पडलेल्यांच्या आठवणींत. मुलाखत घ्याल तेव्हा ‘नोकरी कशी लागली?’ एवढ्यावर थांबू नका. त्यावर ‘अर्ज केला, लागली’ एवढंच मिळतं. ‘जागा आहे हे पहिल्यांदा कोणी सांगितलं?’ असं विचारा. सल्लागाराचं नाव त्या उत्तरात असतं.