चेक इंजिनचा दिवा, स्कॅनर आणि गल्लीतलं गॅरेज: ओबीडी म्हणजे नेमकं काय?

डॅशबोर्डवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. गाडी तर व्यवस्थित चालते आहे. गॅरेजवाला स्टिअरिंगखाली एक यंत्र लावतो, स्क्रीनकडे बघतो आणि म्हणतो, "सेन्सर गेलाय, बदलावा लागेल." बिल काही हजारांचं होतं आणि आठवड्याने दिवा पुन्हा लागतो.

असं अनेकांच्या बाबतीत घडतं. याचं कारण दर वेळी फसवणूकच असते असं नाही. यंत्राने दिलेल्या कोडचा अर्थ लावण्यात बरेचदा चूक होते. हा कोड येतो कुठून आणि तो काय सांगतो, हे समजून घेतलं तर पैसे वाचतात आणि चांगला मेकॅनिक ओळखताही येतो.

ओबीडी म्हणजे काय?

ओबीडी म्हणजे ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स, अर्थात गाडीनेच स्वतःची केलेली तपासणी. आजच्या गाडीत इंजिन चालवण्याचं काम ईसीयू नावाचा छोटा कॉम्प्युटर करतो. हवा किती आली, इंजिन किती तापलं, धुरात ऑक्सिजन किती उरला, ही माहिती त्याला सेन्सर देतात. त्यावरून तो पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी कधी टाकायची हे ठरवतो. एखादी गोष्ट ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली की तो कोड नोंदवतो आणि दिवा लावतो.

ही पद्धत मुळात आली ती प्रदूषण रोखण्यासाठी. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १९८८ च्या मॉडेलपासून अशी यंत्रणा सक्तीची केली. पुढे १९९६ पासून संपूर्ण अमेरिकेत सर्व कंपन्यांच्या गाड्यांना एकसारखी ओबीडी-२ पद्धत लागू झाली. सोळा पिनांचं एकाच मापाचं सॉकेट आणि कोडची एकच भाषा ही त्याचीच देणगी. भारतात चारचाकींसाठी भारत स्टेज-४ च्या काळात ओबीडी आली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले, आणि दुचाकींमध्येही कार्बोरेटर जाऊन बहुतेक ठिकाणी फ्युएल इंजेक्शन आलं.

कोड कसा वाचायचा?

कोडमध्ये एक अक्षर आणि त्यापुढे चार अंक किंवा अक्षरं असतात. पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, सी म्हणजे ब्रेक, स्टिअरिंगसारखे भाग, बी म्हणजे बॉडी (एअरबॅग, एसी वगैरे) आणि यू म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांचं आपसातलं बोलणं. पी नंतर शून्य असेल तर तो सहसा सगळ्या कंपन्यांसाठी समान कोड असतो. एक असेल तर तो कंपनीचा स्वतःचा.

उदाहरणार्थ, पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजेच गॅरेजच्या भाषेत "गाडी मिसिंग मारतेय".

कोड कुठला भाग बदलायचा ते सांगत नाही

पी ०३०१ चं कारण स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल, इंजेक्टर, वायर किंवा सिलिंडरचं कमी झालेलं कॉम्प्रेशन, यांपैकी काहीही असू शकतं. जाणकार मेकॅनिक इथे एक बिनखर्चाची युक्ती करतो. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर तो पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची पहिल्यावर लावतो. कोड पी ०३०२ झाला तर दोष कॉइलचा. कोड जागचा हलला नाही तर दोष दुसरीकडे. नवीन भाग आणण्याआधीच उत्तर मिळतं.

दुसरं उदाहरण पी ०१७१. याचा अर्थ इंजिनमध्ये पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होते आहे. ही बातमी ऑक्सिजन सेन्सर देतो, म्हणून अनेकदा तोच बदलला जातो. खरं कारण मात्र फाटलेला व्हॅक्युम पाइप, हवा मोजणारा मळलेला सेन्सर किंवा कमजोर झालेला पेट्रोल पंप असू शकतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असा हा प्रकार.

पी ०४२० हा सगळ्यात महागात पडणारा कोड. तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं काम मंदावल्याचं सांगतो. या भागात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे मौल्यवान धातू असतात. मिसफायरमुळे न जळलेलं पेट्रोल आत जाऊन कन्व्हर्टर खराब झाला असेल, तर मूळ दोष दुरुस्त केल्याशिवाय नवा कन्व्हर्टरही टिकत नाही.

शिवाय ब्रेकचे लायनर झिजले, बेअरिंग वाजू लागलं किंवा सस्पेन्शनचं बुश गेलं, तर सहसा कोणताही कोड येत नाही. तिथे अजूनही मेकॅनिकचा कान आणि हातच कामी येतो.

छोट्या गॅरेजसमोरचा पेच

ब्लूटूथवर चालणारं छोटं अडॅप्टर हजार रुपयांच्या आतही मिळतं. मोबाइलवर ॲप टाकलं की इंजिनचे सर्वसाधारण कोड दिसतात. पण एबीएस, एअरबॅग, नवीन चावीची नोंदणी अशा कामांना मोठा स्कॅनर लागतो. अनेक डिझेल गाड्यांमध्ये नवा इंजेक्टर बसवल्यावर त्यावरचा कोड ईसीयूमध्ये भरावा लागतो. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असलेल्या गाडीत मागचे ब्रेक पॅड बदलायलाही अनेकदा स्कॅनर लागतो. ज्या गॅरेजकडे तो नाही, त्याला हातात कौशल्य असूनही गिऱ्हाईक परत पाठवावं लागतं.

पैसा उभा केला तरी कंपनीची माहिती मिळेलच असं नाही. या प्रश्नावर भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजनाही उपलब्ध करून द्या, असं आयोगाने सांगितलं होतं. कंपन्यांनी या आदेशाला न्यायालयात आव्हान दिलं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली. तिने विचारात घेतलेल्या क्षेत्रांत मोटारी आणि शेतीची अवजारंही आहेत.

कंपन्यांची बाजू सुरक्षेची आहे, आणि ती अगदीच पोकळ नाही. २०१५ मध्ये अमेरिकेत दोन संशोधकांनी इंटरनेटवरून चालत्या जीपचा ताबा घेऊन दाखवला, त्यानंतर सुमारे १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. पुढे काही कंपन्यांनी ओबीडी सॉकेटमागेच कुलूप बसवलं, ज्याची किल्ली नोंदणी केलेल्या स्कॅनरलाच मिळते. चोर बाहेर राहावा आणि गल्लीतला मेकॅनिक आत यावा, हे कसं साधायचं हाच खरा वाद आहे.

गाडीमालकाने काय करावं?

१. दिवा लागला की कोड पुसण्याआधी स्कॅनरच्या स्क्रीनचा फोटो घ्या. कोड आला तेव्हाचा वेग, इंजिनचं तापमान अशी नोंदही ईसीयू ठेवतो. कोड पुसला की ती नोंदही जाते.

२. "कोणता कोड आला?" यावर थांबू नका. "हाच भाग गेला हे कसं तपासलं?" हेही विचारा. चांगला मेकॅनिक या प्रश्नाने चिडत नाही.

३. तपासणीचे वेगळे पैसे मागितले तर कुरकुर करू नका. अंदाजाने बदललेल्या एका भागापेक्षा ते बहुधा स्वस्त पडतात.

४. बदललेला जुना भाग मागून घ्या.

५. दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल तर सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. दिवा लुकलुकत असेल तर मिसफायर गंभीर आहे. वेग कमी करून सुरक्षित जागी थांबा. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर मात्र लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा.

६. स्वस्त ब्लूटूथ अडॅप्टर काम झाल्यावर काढून ठेवा. ते बॅटरी खात राहतं आणि जवळपासच्या कुणालाही त्याला जोडता येण्याचा धोका असतो.

७. जुनी गाडी घेताना विक्रेत्याने नुकताच कोड पुसला आहे का ते तपासा. स्कॅनरमध्ये 'रेडिनेस' नावाची यादी असते. तिथे बऱ्याच तपासण्या अपूर्ण दिसल्या तर कोड हल्लीच पुसला असण्याची किंवा बॅटरी काढली असण्याची शक्यता असते. अशा वेळी गाडी काही दिवस चालवून पुन्हा स्कॅन करा, मगच व्यवहार पक्का करा.