प्लेस्टेशन २ चे जुने गेम कॉम्प्युटरवर कसे खेळायचे? इम्युलेटरची संपूर्ण माहिती

कपाटात प्लेस्टेशन २ च्या डिस्क पडून आहेत, पण कन्सोल त्या वाचतच नाही, अशी तक्रार आता बऱ्याच घरांत ऐकू येते. त्यात नवल काही नाही. हा कन्सोल ४ मार्च २००० रोजी जपानमध्ये आला, जगभरात १५ कोटींहून जास्त विकला गेला आणि २०१३ च्या सुरुवातीला सोनीने त्याचं उत्पादन थांबवलं. म्हणजे अगदी शेवटी बनलेलं मशीनही आता दहा वर्षांहून जुनं झालंय. डिस्क वाचणारी लेझर लेन्स वापरून वापरून कमजोर होते आणि मग गेम लोड होत नाही.

तुमच्याकडे असा कन्सोल असेल तर एक गोष्ट आधीच सांगतो: तो भंगारात देऊ नका. लेन्स गेली तरी त्याच्या आत दोन कामाच्या गोष्टी शिल्लक असतात. त्या वापरून तुमचे गेम आणि जुने सेव्ह कॉम्प्युटरवर आणता येतात. कसे, ते या लेखात बघू.

इम्युलेटर म्हणजे काय?

इम्युलेटर म्हणजे एका मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर. प्लेस्टेशन २ चा गेम त्या कन्सोलच्या प्रोसेसरला समजेल अशा सूचनांमध्ये असतो. तुमच्या लॅपटॉपच्या इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरला त्या सूचना कळत नाहीत. इम्युलेटर मध्ये बसून दुभाष्याचं काम करतो.

हे भाषांतर दोन पद्धतींनी होतं. पहिली पद्धत इंटरप्रिटरची: एक सूचना घ्यायची, तिचा अर्थ लावायचा, चालवायची, मग पुढची. हे सोपं पण फार संथ. दुसरी पद्धत रीकम्पायलरची: सूचनांचा एक अख्खा तुकडा एकदाच भाषांतर करून मेमरीत ठेवायचा आणि तोच तुकडा पुन्हा आला की तयार भाषांतर वापरायचं. प्लेस्टेशन २ साठीचा सगळ्यात प्रसिद्ध इम्युलेटर पीसीएसएक्स२ ही दुसरी पद्धत वापरतो. तो मोफत आणि ओपन सोर्स आहे. विंडोज, लिनक्स आणि मॅक, तिन्हींवर चालतो.

कन्सोल जुना, मग कॉम्प्युटर चांगला कशाला लागतो?

प्लेस्टेशन २ चा मुख्य प्रोसेसर, म्हणजे इमोशन इंजिन, साधारण २९५ मेगाहर्ट्झवर चालायचा आणि मुख्य मेमरी होती फक्त ३२ एमबी. आजचा स्वस्तातला फोनही आकड्यांत त्याच्या कितीतरी पुढे आहे. तरीही जुन्या लॅपटॉपवर गेम अडखळतात. याची दोन मोठी कारणं आहेत.

पहिलं कारण, त्या डब्यात एकच चिप नव्हती. इमोशन इंजिनच्या आत दोन व्हेक्टर युनिट होती, चित्रासाठी वेगळा ग्राफिक्स सिंथेसायझर होता, आवाजासाठी वेगळी चिप होती, आणि बाकीची कामं बघायला चक्क पहिल्या प्लेस्टेशनचा प्रोसेसर बसवलेला होता. हे सगळे एकाच वेळी काम करायचे. इम्युलेटरला या सगळ्यांची नक्कल एकत्र आणि एकमेकांशी वेळ जुळवून करावी लागते.

दुसरं कारण आहे गणित. दशांश संख्यांच्या हिशोबात आजचे प्रोसेसर एक ठरलेला नियम पाळतात. संख्या मर्यादेबाहेर गेली की उत्तर येतं ‘अनंत’. प्लेस्टेशन २ ला ‘अनंत’ माहीतच नव्हतं, तो सगळ्यात मोठी संख्या धरून पुढे जायचा. एवढ्याशा फरकामुळे गेममधला खेळाडू गायब होतो किंवा चित्र वेडंवाकडं ताणलं जातं. म्हणून इम्युलेटर जागोजागी उत्तरं दुरुस्त करत बसतो आणि त्यात वेळ जातो. कोणत्या गेमला कोणती दुरुस्ती हवी याची यादी पीसीएसएक्स२ मध्येच असते आणि ती आपोआप लागू होते. म्हणून माहिती नसताना सेटिंग बदलत बसू नका.

काय काय लागतं?

- ६४ बिट प्रोसेसर, ज्यात एसएसई ४.१ ची सोय आहे. कोअर किती आहेत यापेक्षा एका कोअरचा वेग जास्त महत्त्वाचा.
- ८ जीबी रॅम आणि डायरेक्टएक्स ११ किंवा व्हल्कन चालवणारं ग्राफिक्स.
- डीव्हीडी ड्राइव्ह. लॅपटॉपला नसेल तर यूएसबीने जोडायचा ड्राइव्ह चालतो.
- दोन अॅनालॉग स्टिक असलेला कंट्रोलर.
- तुमच्या गेमची मूळ डिस्क.
- तुमच्या कन्सोलची बायोस फाइल.

बायोस कुठून आणायचा?

कन्सोल सुरू केल्यावर सगळ्यात आधी चालतो तो सोनीचा प्रोग्राम म्हणजे बायोस. फाइल फक्त ४ एमबीची असते, पण तिच्यावर सोनीचा कॉपीराइट आहे. त्यामुळे पीसीएसएक्स२ सोबत ती मिळत नाही. ती तुमच्याच कन्सोलमधून काढायची असते.

इथे बंद पडत आलेला कन्सोल कामाला येतो. ‘फ्री एमसी बूट’ टाकलेलं मेमरी कार्ड लावलं की कन्सोल डिस्कशिवाय बाहेरचे छोटे प्रोग्राम चालवू शकतो, म्हणजे लेन्सची गरजच नाही. मग पेन ड्राइव्हवरून ‘बायोसड्रेन’ नावाचा प्रोग्राम चालवायचा आणि बायोस त्याच पेन ड्राइव्हवर उतरवायचा. पेन ड्राइव्ह आधी फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून घ्या. शेवटी आलेल्या काही स्लिम मॉडेलवर फ्री एमसी बूट चालत नाही, म्हणून कार्ड विकत घेण्याआधी कन्सोलच्या मागचा मॉडेल नंबर तपासा.

डिस्कवरून गेम कसा काढायचा?

१. डिस्कची खालची बाजू बघा. चंदेरी असेल तर ती डीव्हीडी, निळी असेल तर सीडी.

२. डिस्क कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये टाका आणि इमेज बनवा. विंडोजवर ‘इमेजबर्न’ हे मोफत सॉफ्टवेअर चालतं. डीव्हीडीची आयएसओ फाइल बनते, सीडीच्या बिन आणि क्यू अशा दोन फाइल बनतात.

३. पीसीएसएक्स२ सुरू करा. पहिल्यांदा तो बायोसचं आणि गेमचं फोल्डर विचारतो. दोन्ही दाखवा.

४. कंट्रोलर जोडून बटणं लावून घ्या.

५. गेम चालला की ग्राफिक्समध्ये इंटर्नल रिझोल्यूशन वाढवून बघा. तीन पटीवर चित्र साधारण १०८० पी इतकं स्पष्ट दिसतं. गेम अडखळला तर पुन्हा कमी करा.

एका गेमची फाइल ४ जीबीच्याही पुढे जाऊ शकते. जागा कमी असेल तर ती सीएचडी प्रकारात दाबून ठेवता येते. पीसीएसएक्स२ तशी फाइल थेट चालवतो.

जुने सेव्ह वाचवा

मेमरी कार्डावर आठ एमबीत कुणाची तरी वर्षांची मेहनत असते. फ्री एमसी बूटसोबत येणाऱ्या ‘यूलाँचएल्फ’ने ते सेव्ह पेन ड्राइव्हवर घेता येतात आणि ‘मायएमसी’ने पीसीएसएक्स२ च्या मेमरी कार्ड फाइलमध्ये टाकता येतात. डिस्क एक वेळ पुन्हा कुठे तरी मिळेल, तुमचा सेव्ह दुसऱ्या कुणाकडेच नाही. म्हणून हे काम सगळ्यात आधी करा.

कॉम्प्युटरवर खेळताना एक फरक लक्षात ठेवा. एफ१ दाबून होते ती ‘सेव्ह स्टेट’, म्हणजे त्या क्षणाची जशीच्या तशी नोंद. एफ३ दाबलं की तिथूनच गेम सुरू होतो. पण इम्युलेटरची नवी आवृत्ती टाकली की जुनी सेव्ह स्टेट बऱ्याचदा उघडत नाही. त्यामुळे गेममधल्या मेन्यूतून मेमरी कार्डावरही सेव्ह करत राहा आणि मेमरी कार्डची फाइल अधूनमधून दुसरीकडे कॉपी करून ठेवा.

हे कायदेशीर आहे का?

इम्युलेटर बनवणं आणि वापरणं हा आपोआप गुन्हा होत नाही. सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात २००० मध्ये अमेरिकेच्या अपील कोर्टाने इम्युलेटर बनवणाऱ्या कंपनीच्या बाजूने निकाल दिला होता. भारतात कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम ५२ कायदेशीररीत्या सॉफ्टवेअर घेतलेल्या माणसाला ते हरवू नये म्हणून बॅकअप प्रत काढायला मुभा देतं. पण ती प्रत वाटणं, विकणं किंवा नेटवरून दुसऱ्याची प्रत उतरवणं या मुभेत बसत नाही.

आपल्याकडे मॉड केलेल्या कन्सोलवर कॉपी डिस्क चालवायची पद्धत सर्रास होती. मार्करने नाव लिहिलेली डिस्क मूळ प्रत नाही आणि तिची इमेज काढल्याने ती कायदेशीर होत नाही. गेम नव्या रूपात विकत मिळतो का, हे आधी बघा.

अडचण अशी की बरेच गेम मिळतच नाहीत. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीनुसार, अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम आता बाजारात उपलब्ध नाहीत. २००९ मध्ये प्लेस्टेशन २ वर आलेला ‘हनुमान: बॉय वॉरियर’ हा भारतीय गेम आठवा. असे गेम कोणी पुन्हा आणेल याचा भरवसा नाही. ज्यांच्याकडे मूळ डिस्क आहे, त्यांनीच ती जपायची.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझा गेम ६० ऐवजी ५० एफपीएस दाखवतो. लॅपटॉप कमी पडतोय का?
तसं असेलच असं नाही. तुमची डिस्क पॅल प्रकारची असेल तर तिच्यासाठी ५० हेच बरोबर आहे. स्पीड १०० टक्के दिसतोय का, ते बघा. तो कमी असेल तरच लॅपटॉप कमी पडतोय.

मोबाइलवर चालेल का?
अँड्रॉइडसाठी पीसीएसएक्स२ वरच आधारलेला ‘एथरएसएक्स२’ २०२१ च्या शेवटी आला होता, पण २०२३ मध्ये त्याचं काम थांबलं. त्या नावाने फिरणाऱ्या अनोळखी एपीके फाइल टाकू नका. फोनवर सुरुवात करायची असेल तर पीएसपीचे गेम चालवणारा ‘पीपीएसएसपीपी’ जास्त सोपा. तो साध्या फोनवरही बरा चालतो आणि त्याला वेगळी बायोस फाइल लागत नाही.

बायोस नेटवरून डाउनलोड केला तर?
कॉपीराइटचा प्रश्न तर आहेच, शिवाय अशा साइटवर व्हायरस असलेल्या फाइल सर्रास मिळतात. बायोसच्या नावाखाली ‘ईएक्सई’ फाइल आली तर ती उघडू नका. खरा बायोस हा चालवायचा प्रोग्राम नसतो, इम्युलेटर वाचतो ती साधी फाइल असते.